मी घडवलेला फितूर

आमच्या इमारतीच्या पोडियमवर यंदा किल्ल्यासाठी माती आली ती कुरिअरने. पाच-पाच किलोच्या चकचकीत पिशव्या आणि आत चहापत्तीसारखी काळीभोर, भुसभुशीत अशी काहीतरी वस्तू. मी चिमूटभर घेऊन नाकाशी नेली. वासच नाही.

"आजी, खाऊ नकोस हं ती," माझी नात मुक्ता म्हणाली. अकरा वर्षांची आहे. तिला वाटतं, म्हाताऱ्या बायका संधी मिळाली की माती खातात.

"खाल्ली असती गं, पण हिच्यात दगड कुठेयत?"

दगड हवेतच. दगड, काचेचे तुकडे, कोळशाचा चुरा, एखादं मेलेलं गांडूळ आणि कुणाची तरी मागच्या वर्षी हरवलेली गोटी, एवढं सगळं एकत्र असलं की त्याला लालबागमध्ये आम्ही माती म्हणायचो. पाऊस परतायचा, ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजायला लागायचं, सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आम्ही शाईच्याच हातांनी घमेली उचलायचो. चाळीमागच्या पडीक जागेतून माती उपसायची, चिखल करायचा, गोणपाट त्यात बुडवून विटांच्या ढिगावर पसरायचं, की झाला डोंगर. वर अळीव पेरलं की तीन दिवसांत गवत. पलीकडे दिवाळीचा मसाला दळला जात असायचा. मिरचीचा ठसका सगळ्या गल्लीत. शिंका देत देत आम्ही बुरूज थापायचो, आणि प्रत्येक शिंकेला एक बुरूज खचायचा.

बाकीच्या चाळींचे किल्ले डोंगरी. आमचा मात्र पाण्यातला. आमची चाळ आणि समोरची चाळ यांच्यामध्ये जेमतेम हातगाडी जाईल एवढी बोळ होती, आणि दोन्हीकडे राहणारी माणसं बरीचशी एकाच गावची, कोकणातली. त्या गावाला दोन डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरतो. ती वाट इतकी अरुंद, की या काठावरून दिलेली शिवी त्या काठाला जशीच्या तशी लागते. बरोबर त्या तोंडावर, पाण्यातल्या खडकावर, आमचा किल्ला. आत जाणाऱ्या प्रत्येक गलबताला त्याच्या तोफांखालून मान खाली घालूनच जावं लागायचं. आम्ही बोळीच्या तोंडावर तोच किल्ला करायचो. दोन बाजूंना दोन चाळी म्हणजे दोन डोंगर. मध्ये खणलेल्या चरात बादलीने पाणी ओतलं की खाडी.

त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरण होते. अकरा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली, कमरेला तलवार म्हणून लाकडी फूटपट्टी. चिखल थापायला मी बसतच नसे. स्वतःला किल्लेदार समजायची ना. हाताखाली आठ-दहा पोरं, आणि त्यांच्यावर नुसतं ओरडायचं. पण एक काम माझंच होतं. लोक किल्ला बघायला आले की छडी घेऊन उभं राहायचं आणि इतिहास सांगायचा. आवाज असा, की समोरच्या चाळीतली तान्ही पोरं दचकून उठायची.

आणि काय इतिहास सांगायचे मी! माझ्या लढाईत माणसं साधी मरतच नसत. तोफेचा गोळा आला की किल्लेदाराचं मुंडकं थेट समुद्रात आणि धड अकरा पावलं चालून मग पडायचं. अकराच का, तर माझा अकराचा पाढा नुकताच पाठ झाला होता. तटावरून उकळतं तेल ओतलं जायचं, शिड्यांवर चढणाऱ्यांची कातडी सोलून निघायची, तुटलेल्या हातांच्या मुठी तलवार सोडायच्या नाहीत. शत्रू दर दिवाळीला बदलायचा, कधी फिरंगी, कधी इंग्रज, पण तेल तेच. मातीच्या मावळ्यांपैकी तीन-चारांच्या माना मी आधीच मोडून ठेवायचे आणि ते खाडीत आडवे टाकून ठेवायचे. वर कुंकवाचं पाणी. आमच्या आईला कुंकवाची डबी वर्षाला दोनदा का लागते, हे कोडं तिला शेवटपर्यंत उलगडलं नाही. गर्दी जमायची, बायका 'शी गं बाई' म्हणायच्या आणि हलायच्या मात्र नाहीत. मला ती गर्दी फार आवडायची. रक्तापेक्षाही जास्त.

हा इतिहास मी आणला कुठून? आमचे आजोबा त्या गावात वाढलेले, मग गिरणीत आलेले. त्यांना म्हणे त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं. त्या वर्षी मी त्यांना धरून बसवलं.

"आजोबा, शेवटची लढाई सांगा. मोठी."

ते विडी बाजूला ठेवून म्हणाले, "लढाई खयची गो? गोळो पडलो आणि पाण्याचा टाका फुटला. किल्ल्यात गोडा पाणी नाय. तरीवाल्यांचे दोघे भाव हंडे भरून होडीतून पाणी नेयत. सात दीस नेल्यानी. आठव्या दिसा तेंच्या होडयेर गोळो पडलो. दोघेय गेले. मगे तान. पोरां रडाक लागली. किल्लेदारान दरवाजो उघडल्यान."

"आणि?"

"आणि काय? संपला."

"कुणी फितूर झालं नाही?"

"तानेक फितूर लागणा नाय, चेडवा."

मला रडू आलं असतं. एवढा किल्ला, आणि पडला कशाने तर तहानेने! हंडे काय, रडणारी पोरं काय. हे सांगून कोण थांबणार माझ्यासमोर? पाणी भरणं तर आमच्या चाळीत रोज सकाळी चालायचं, त्यात मेलं काय शौर्य! मी ते हंडे आणि ते दोघं भाऊ इतिहासातून काढून टाकले. इतकं सहज, जसे भातातले खडे काढावेत.

किल्ल्यांची स्पर्धा घेणाऱ्या मंडळाचे तिघे जण किल्ले तपासायला आले ती दिवाळीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. बोळ माणसांनी भरलेली. मुंडकं उडालं, धड चाललं, तेल ओतून झालं. तेवढ्यात तिघांतल्या चष्मेवाल्याने विचारलं, "काय गं, एवढा भक्कम किल्ला, मग तो पडला कसा?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझी नजर खाली गेली. खाडीपाशी शालू बसली होती. समोरच्या चाळीतली, माझ्याच वर्गातली, माझी अगदी जिवाची मैत्रीण. काडेपेटीची होडी करून ती या काठावरून त्या काठावर नेत होती. तिच्या घरचे गावाला तरीवाले, म्हणजे पिढ्यान् पिढ्या माणसांना होडीतून खाडीपार नेणारे. तिला त्याचं फार कौतुक होतं. त्या अख्ख्या खाडीवर तरीवाल्यांचं घर एकच.

"फितुरी झाली," मी म्हटलं. "तरीवाला फितूर झाला. भरतीची वेळ आणि चोरदरवाजा त्याने शत्रूला दाखवला. पहाटे शत्रू आत शिरला आणि बायकापोरांसकट सगळे कापले." गर्दीतून 'अरे रे' आलं. केवढं मोठं आलं! मग कुणीतरी शंका काढू नये म्हणून मी वर शिक्का मारला, "आमचे आजोबा सांगतात."

आजोबांचं नाव आलं की दोन्ही चाळींत पुढे कुणी विचारत नसे. पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. शालूने टाळ्या वाजवल्या. तिला आधी कळलंच नाही. मग कुणीतरी तिच्याकडे बघून हसलं, तेव्हा तिने होडी उचलून फ्रॉकच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी झालेल्या, अंगाला उटण्याचा वास, सगळे नव्या कपड्यांत. आता खेळ काय खेळायचा? तर फितुराला शिक्षा. ही कल्पना कुणाची, असं विचारू नका. मीच किल्लेदार. शालूला नळाच्या खांबाला बांधायचं ठरलं आणि ती आपणहून उभी राहिली. हसत होती. माझ्याच उडी मारायच्या दोरीने मीच तिला बांधलं. दोन गाठी मारल्या. घट्ट झाल्या का, असं तिलाच विचारलं. ती म्हणाली, "चालतंय."

बाळ्या नावाचा आमच्यातला एक मोठा मुलगा होता. त्याने लवंगी फटाक्यांची माळ तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यात खोचली आणि काडी ओढली.

मी तेलाच्या आणि कातडीच्या गोष्टी सांगायचे. खरी कातडी जळते तेव्हा काय वास येतो ते त्या दिवशी कळलं. उटण्यातून, बारूदातून तो वेगळा येतो. शालू किंचाळली नाही. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. तिचे वडील, गणपतकाका, अर्धी दाढी झालेली, गालावर साबण, तसेच जिन्यावरून उड्या टाकत आले, हातांनी माळ विझवली, आणि बाळ्याच्या थोबाडीत दिली.

त्यानंतर बाळ्याचे दोन काका खाली आले.

"फितुराची अवलाद आमच्या पोरावर हात टाकते?" एवढं एकच वाक्य झालं. माझ्या लढायांत वीर किती बोलायचे! खऱ्या मारामारीत कुणी बोलत नाही. नुसते श्वास ऐकू येतात, आणि चपला घासल्याचा आवाज. आकाशकंदील लावायला आणलेला बांबू भिंतीशी टेकून ठेवला होता, तो एकाने घेतला. पहिला फटका पाठीवर. दुसरा गुडघ्यावर. आणि आता खरंच लिहायचं, तर त्या दोन फटक्यांपर्यंत मला मजा वाटली होती. छातीत गुदगुल्या झाल्यासारखं. माझी गोष्ट चालायला लागली होती ना, हात-पाय फुटून.

मग गणपतकाका किल्ल्यावर पडले. बुरूज त्यांच्या छातीखाली गेला, अळिवाचं गवत त्यांच्या साबणाला चिकटलं, उजवा हात पुढे खाडीच्या काठावर पसरला. त्या हातावर बांबू आला. एकदा नाही. काडेपेटी पायाखाली चिरडावी तसा आवाज झाला, बारीकसा. खाडीतलं पाणी लाल झालं, आणि त्यात कुंकू नव्हतं. अख्खी बोळ बघत होती. माझी ती सगळी गर्दी. कुणी हललं नाही. शालू अजून खांबालाच बांधलेली होती, कारण माझ्या गाठी मला सुटेनात.

गणपतकाका विणकर होते. साच्यावर धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची, असं बोटांचं काम. ती बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. गिरणीत त्यांच्या हाती झाडू आला. महिन्याभरात खोली सोडून ते माटुंग्याला मेहुण्याकडे गेले. शालूचा बाक वर्गात रिकामा राहिला आणि मग त्यावर दुसरी मुलगी आली.

आजोबा पाळीवरून आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांनी मला गॅलरीत कोपऱ्यात घेतलं.

"माझा नाव घेवन तू सांगलंस?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गावची चार माणसं विचारायला आली, फितुरीचं खरं काय म्हणून. आजोबा नुसतं म्हणाले, "पोरांचो खेळ तो," आणि आत निघून गेले. खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर चाळीने नातीला थापाडी ठरवलं असतं. मला वाचवायला त्या माणसाने सख्ख्या गाववाल्यांचं घर बुडू दिलं. पुढे ते माझ्याशी नीट बोलले, लग्नात रडलेसुद्धा, पण किल्ल्याची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. मीही मागितली नाही.

मी मोठी झाले, हसरी झाले, नवऱ्याला छळलं, सुनेला छळतेय, सगळं यथासांग. शालू कुठे राहते ते मला नेहमीच ठाऊक होतं. माटुंग्याच्या बाजारामागची गल्ली. पन्नासेक वर्षं मी त्या बाजारात जाते, फुलं घेते, केळीची पानं घेते, आणि ती गल्ली आली की रस्ता ओलांडते. गुडघे गेल्यावरसुद्धा ओलांडते. सुनेला वाटतं, मला पलीकडच्या दुकानातलंच आलं आवडतं.

तर यंदा मुक्ता पोडियमवर उभी राहून, हातातल्या फोनवर बघत, माहितीची तयारी करत होती. त्यांनी आमच्याच गावचा किल्ला केला होता, थर्माकोलचा तट, निळ्या काचेची खाडी. मी खुर्चीवर बसून चकली खात होते.

"...परंतु तरीवाल्याच्या फितुरीमुळे," ती वाचत होती, "हा अभेद्य किल्ला पहाटेच्या भरतीला पडला."

मी चकली खाली ठेवली.

"हे कुठून आणलंस?"

"नेटवर आहे ना. गावाला किल्ल्याजवळ बोर्डपण आहे, हा बघ फोटो."

निळा बोर्ड, पांढरी अक्षरं. गावच्या मुंबईतल्या मंडळाने लावलेला. खाली लिहिलेलं, 'जुन्या जाणत्यांच्या आठवणींवरून'. माझी अकराव्या वर्षीची थाप, आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं. अकरा पावलं चालणारं धड तेवढं गाळलं होतं, त्यांना पटलं नसावं.

मंडळाचा अध्यक्ष कोण, तर बाळ्या. आमच्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो, आता त्याला सगळे बाळासाहेब म्हणतात. संध्याकाळी किल्ला बघायला आला तेव्हा पोडियम भरलेला होता. मुक्ता त्या वाक्यापाशी आली आणि मी खुर्चीवरून उठले.

"थांब गं. ते खोटं आहे."

"आजी!"

"मीच बनवलं ते. तुझ्याएवढी असताना." आणि सांगितलं सगळं. टाकं फुटल्याचं, दोन भावांचं, हंड्यांचं, आठव्या दिवसाचं, दरवाजा आतून उघडल्याचं. मग बोळीतलंही सांगितलं. मोठी माणसं फोन खाली करून ऐकायला लागली. एकीने आपल्या मुलाला हळूच आत नेलं.

बाळ्याने घसा खाकरला. "सुशी, सणाच्या दिवशी कशाला हे? बोर्ड लागलाय आता. तुझ्याकडे काही पुरावा आहे का?"

"थापेला नव्हता रे मागितलास."

"आपण लहान होतो."

"आपण होतो. तुझे काका नव्हते. काडी तू ओढलीस, दोरी मी बांधली. बोर्ड काढ."

"सभा घ्यावी लागेल," तो निळ्या काचेकडे बघत म्हणाला.

"घे. मी येते. छडी घेऊन येते."

तो गेला. लिफ्टमध्ये मुक्ता आरशाकडे बघत म्हणाली, "तिला सांगितलंस का? शालूआजीला?"

ही पोरटी माझ्यावर गेलीय. बरोबर तिथेच बोट ठेवते.

भाऊबीज झाली आणि आम्ही दोघी माटुंग्याला गेलो. या वेळी रस्ता ओलांडला नाही. दुसरा मजला, दाराला तोरण. शालूनेच उघडलं. मोठ्या इस्पितळात नर्स होती, ताठ चालते अजून. मला ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही.

"ये," म्हणाली. पाणी दिलं. मुक्ताला करंजी दिली. मी बोलायचं ते तोंडपाठ करून आले होते, पण बसल्यावर सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, "शालू, फितूर कुणी नव्हतं गं. मी खोटं बोलले होते. आजोबांनी वेगळंच सांगितलं होतं." आणि ते वेगळं काय, ते सांगितलं.

ती ऐकत होती.

"बाबा पुन्हा गावी गेले नाहीत," ती म्हणाली. "मरेपर्यंत. म्हणायचे, आपल्या घराण्याने बायकापोरं कापायला दिली, कुठल्या तोंडाने जाऊ? देवीचा नारळसुद्धा दुसऱ्याच्या हातून पाठवायचे. हात मोडला त्याचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणायचे, फिटलं थोडं."

इतकी वर्षं मी समजत होते की त्या घराला खरं काय ते ठाऊक असणार. आपल्या घराबद्दलचं खोटं माणसाला कळतंच, असं मी धरून चालले होते.

"त्यांनी ते खरं मानलं?"

"तुझे आजोबा सांगतात म्हटल्यावर कोण नाही मानणार?"

आणि तिने माझ्या कानफटात मारली. सत्तरी उलटलेल्या हाताच्या मानाने जोर चांगला होता. कानातलं मशीन उडून सोफ्याखाली गेलं. मुक्ता करंजी टाकून पालथी पडून ते शोधायला लागली. शालूचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला अक्षर ऐकू येत नव्हतं. मी तशीच गाल धरून बसले. मशीन कानात बसल्यावर म्हटलं, "पुन्हा बोल. मला ऐकू आलं नाही."

"नावं विचारतेय," शालू म्हणाली. "त्या दोघा भावांची. नावं काय होती?"

माझ्या तोंडाशी दोन नावं आली होती. चांगली खणखणीत, त्या काळाला शोभतील अशी. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. तिला ती हवी होती, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. दिली असती तर आयुष्यभर जपली असती तिने.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी विचारलंच नव्हतं."